मोजलेलं पाणी

घाटाखालच्या बायका विहिरीची पारख तुरीच्या डाळीवरून करतात. तासभर उकळूनही डाळ टणकच राहिली तर पाणी खारं. दोन उकळ्यांत फुटली तर गोडं. आमच्या गावात विहिरी पुष्कळ, पण वरणाची विहीर एकच, तीही नाल्यापलीकडे. अंघोळ, धुणं, भांडी, जनावरं यांना अंगणातल्या विहिरीचं पाणी; डाळीला आणि पाहुण्याला नाल्यापलीकडचं, अशी वाटणी होती. पाहुणा नसला आणि पावसाळ्यात नाला दुथडी भरून वाहत असला, की अंगणातलंच पाणी प्यायचं. माय ते प्यायची, आम्ही प्यायचो, आमच्या आधीच्या पिढ्याही तेच पीत आल्या. त्यात काय आहे, किती आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

बुलढाणा जिल्ह्याची ओळख करून द्यायची तर आधी घाट सांगावा लागतो. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. घाट उतरला की काळी, सपाट, खोल माती लागते आणि त्या मातीतून पूर्णा वाहते. बैतूलकडच्या सातपुड्यात उगवून अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडत ती चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा खारपाणपट्टा. आमच्या संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीचं पाणी गोड लागतं आणि जसजसं पूर्णेकडे खाली यावं तसतसं मचूळ, मग खारं होत जातं. जुनी माणसं सांगत, इथं आधी समुद्र होता. भूजलाचा अभ्यास करणारे सांगतात, की नदीनं आणून टाकलेला गाळ इथं फार खोल आहे, चिकण आहे, त्यातलं पाणी सहजी वाहून जात नाही, उन्हानं आटत राहतं आणि क्षार मागे ठेवत राहतं. मला समुद्राची गोष्ट लहानपणी आवडायची. आता दुसरी जास्त पटते, कारण ती आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यात दिसायची.

हंड्याच्या तळाशी पांढरं कीट बसायचं. नवा माठ एक उन्हाळा नीट पाझरायचा, पुढच्या वर्षी त्याच्या अंगावर मिठाची पापडी धरायची आणि पाणी गार व्हायचं थांबायचं. अंगाला साबण लावला तर फेस होण्याआधी वडी झिजायची. कूलरच्या खसाची जाळी एका मोसमात इतकी कडक व्हायची, की हातानं मोडावी लागायची. माझं लग्न चिखली तालुक्यातल्या मुलीशी झालं. घाटावरची मुलगी घाटाखाली द्यायला लोक आजही चटकन तयार होत नाहीत, पाणी हेच कारण सांगतात. लग्नानंतर हिनं पहिल्यांदा चहा ठेवला, दूध घातलं आणि चहा फाटला. ती घाबरून गेली. मायनं भांडं उतरवलं आणि म्हणाली, "तुही चूक नाही व पोरी, पाणी खारं हाय. तो दुसरा हंडा घे."

मायचं अर्धं आयुष्य पाणी आणण्यात गेलं आणि उरलेलं कपाशीच्या निंदणात. वैशाखात, भर उन्हात, डोक्यावर ओला फडका टाकून ती वावरात असायची. सांधे दुखले की दुकानातून गोळी आणायची, कागदाच्या पुडीत मिळणारी, नाव नसलेली. कुणी तिचं बीपी कधी मोजलं नव्हतं. पायाला सूज आली तेव्हा ती चालण्याची वाटली, तोंडाला चव गेली तेव्हा पित्ताची. रात्री दम लागायला लागला तेव्हा अकोल्याला नेलं. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन नऊच्या वर होतं. निरोगी बाईत ते एकाच्या आसपास किंवा त्याखाली असतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसून लहान झालेल्या दिसल्या.

मी डॉक्टरांना विचारलं, कशानं झालं? त्यांनी सरळ उत्तर दिलं. किडनी एवढी आक्रसली की तिचा तुकडा काढून तपासण्यातही फारसं हाती लागत नाही. कारण सांगण्याची वेळ निघून गेलेली असते. बीपीनं किडनी गेली की किडनी गेल्यामुळे बीपी वाढलं, हेही मग ठरवता येत नाही. पाण्याचं विचारलं तर म्हणाले, संशय आहे, पुरावा नाही. नंतर मी वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात भातशेती करणारे, आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानमचे शेतकरी, छत्तीसगडमधल्या सुपेबेडा गावचे लोक, मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर, सगळीकडे मधुमेह नसलेल्या, उन्हात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या जाताहेत. कुठं पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारांवर बोट आहे, कुठं कीटकनाशकांवर, कुठं उन्हात पुन्हा पुन्हा आटणाऱ्या शरीरावर, कुठं दुखण्याच्या गोळ्यांवर. एकच एक कारण अजून निर्विवाद ठरलेलं नाही. यातलं जवळपास सगळं मायच्या आयुष्यात होतं, आणि मोजून ठेवलेलं काहीच नव्हतं.

आधी मशीनचं डायलिसिस सुरू झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याचा खर्च बसतो, म्हणून आमच्यासारख्यांना ते शक्य तरी होतं. पण पहाटे निघायचं, शेगाव मागे टाकून अकोला गाठायचं, चार तास खाटेवर, आणि रात्री परत. मशीनवरून उतरली की माय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नसे. आठवड्यातले निम्मे दिवस असे जात. तिथल्या तंत्रज्ञानं एकदा मला यंत्रामागची नळी दाखवली. मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं चार तासांत एका माणसामागे सुमारे १२० लिटर पाणी लागतं, आणि तेही साधं नाही. आधी क्षार काढायचे, मग जंतू. नळाचं पाणी जसंच्या तसं चालत नाही, कारण ते पातळ पडद्यापलीकडे थेट रक्ताशी भिडलेलं असतं. मी त्या नळीकडे बघत राहिलो. जिच्या रक्ताला आता एवढं गाळलेलं पाणी हवं होतं, तिनं जन्मभर पोहऱ्यातून आलेलं पाणी फडक्यातून गाळून प्यायलं होतं.

मशीनला जोडण्यासाठी हातावर केलेला फिश्चुला दोनदा बंद पडला. मशीनवर बीपी इतकं उतरायचं, की मध्येच थांबवावं लागे. तेव्हा एका डॉक्टरांनी पोटाच्या डायलिसिसचं सुचवलं. मी ते नावही ऐकलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या कुठल्याच किडनीच्या रुग्णाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

कल्पना ऐकायला सोपी आहे. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो, पेरिटोनियम. उलगडला तर त्याचं क्षेत्रफळ अंगावरच्या कातडीच्या जवळपास भरेल. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटाच्या पोकळीत दोन लिटर पाणी सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम पडद्यातून पाझरून त्या पाण्यात येतं. पाण्यात साखर असते, ती अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग ते काढून टाकायचं आणि नवं भरायचं. यंत्र नाही, सुई नाही, वीज नाही.

माणसावर हे करून पाहायला जर्मनीत गेऑर्ग गँटर यांनी १९२३ साली सुरुवात केली. पण जंतू शिरायचे आणि रोगी दगावायचे, म्हणून कितीतरी वर्षं हा मार्ग जवळपास पडून राहिला. १९६८ साली सिएटलला हेन्री टेंकहॉफ यांनी सिलिकॉनची मऊ नळी आणली, कातडीखाली मांसात धरून राहणारे दोन पट्टे असलेली. मायच्या पोटात बसली ती हीच, त्याच नावानं. पुढचं पाऊल १९७६ मध्ये ऑस्टिनला रॉबर्ट पोपोविच नावाच्या अभियंत्यानं आणि जॅक मॉन्क्रीफ नावाच्या डॉक्टरनं टाकलं. त्यांनी कागदावर गणित मांडलं: दिवसाकाठी दहा लिटर पाणी पोटात राहून, भरपूर विष ओढून बाहेर आलं, तर माणूस यंत्राशिवाय जगेल. सुरुवातीला हे पाणी काचेच्या बाटल्यांतून यायचं. टोरांटोच्या डिमिट्रिओस ओरिओपोलस यांनी प्लास्टिकची पिशवी वापरात आणली, तसा जंतुसंसर्ग कमी झाला आणि उपचार घरी पोचला. भारतात तो १९९१ पासून आहे. हाँगकाँगनं १९८५ पासूनच आधी पोटाचं डायलिसिस, जमलं नाही तर मशीन, असं धोरण ठेवलं. थायलंडनंही २००८ मध्ये तोच रस्ता धरला. आपल्याकडे पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१६ ला मशीन आलं आणि पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ ला. दवाखान्यापासून लांब, खड्ड्यांच्या रस्त्यांच्या आणि खाऱ्या पाण्याच्या मुलखासाठी जणू मापून बेतलेला हा उपचार आमच्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

पिशवीवर काय छापलंय ते मी पहिल्या दिवशी वाचलं. सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लॅक्टेट आणि साखर. म्हणजे ते खारंच पाणी होतं. फक्त त्यातला प्रत्येक क्षार लिटरमागे किती, हे दशांशापर्यंत लिहिलेलं होतं. माझ्या हातात आयुष्यात पहिल्यांदा असं पाणी आलं, ज्यात काय आहे ते सांगितलेलं होतं. मी मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे ह्यातबी मीठच हाय. मंग आपल्या इहिरीचं काऊन चालत नाही?" मी समजावत राहिलो. आज वाटतं, तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता.

घरी पिशव्या आणायच्या तर खोली हवी होती, आणि दिवाळीनंतरचे दिवस होते. आमच्याकडे त्या दिवसांत घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असतो. भाव चढेल या आशेनं खोलीच्या खोली छतापर्यंत भरायची, उरलेल्या जागेत निजायचं आणि अंग खाजवायचं. नर्सबाई घर बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "इथे नाही चालायचं. हवेत तंतू आहेत." मी सगळा कापूस आठवड्यात विकला, त्या वर्षीचा सर्वात पडेल भाव घेऊन. भिंतीला चुना मारला, फरशी बसवली, खिडकीला काच लावली, हात धुवायला नळाची तोटी काढली. त्या तोटीला नाल्यापलीकडचं पाणी उकळून, गार करून टाकीत भरायचं. पिशव्यांचे खोके महिन्याला गाडीनं येत. दिवसाला तीन पिशव्या, सहा लिटर. महिन्याचे एकशेऐंशी किलो. खोके उतरवून घेताना माय ओट्यावर बसून बघायची. "जलमभर म्या पानी वाहलं, आता पानीच माह्या दारी येते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात तिला खरोखरच आनंद होता.

पिशवी बदलायची पद्धत माझ्या बायकोनं शिकून घेतली. ती बारावी झालेली. ज्यांना वाटतं, की हे खेड्यात जमणार नाही, त्यांनी तिला पाहायला हवं होतं. खिडकी लावायची, पंखा आणि कूलर बंद. मुलं बाहेर. तोंडाला मास्क. बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, आणि नव्या टिशूनं कोरडे करायचे, पदराला नाही. पिशवीची तारीख, रंग, गळती पाहायची. पिवळी सौम्य, हिरवी मध्यम, लाल कडक. पिशवीच्या टोकाशी असलेला हा रंग तिच्यात साखर किती ते सांगतो. भरलेली पिशवी वर आकड्याला, रिकामी खाली फरशीवर. मायच्या पोटाच्या नळीचं झाकण काढून जोड लावायचा, तेवढ्या दोन-तीन क्षणांत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. मग पोटातलं जुनं पाणी उतरायला लागे. ते उतरलं की वरच्या पिशवीचं सील मोडायचं, आधी थोडं पाणी नळी धुवायला खाली सोडायचं आणि मग पोटात. शेवटी आयोडीन भरलेलं नवं टोपण. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे पिशवी कोमट करायचा प्रश्नच नसे. उलट खोके तापू नयेत म्हणून रात्री त्याच खोलीत कूलर चालवावा लागे. आणि त्या कूलरच्या जाळीवर अंगणातल्या विहिरीचं मीठ धरत राही.

उतरलेल्या पिशवीची दोन कामं असत. एक, ती काट्याला अडकवून वजन करायचं. दोन, ती वर्तमानपत्रावर ठेवायची आणि खालचं मोठं अक्षर वाचता येतं का ते बघायचं. आमच्याकडे 'देशोन्नती' येतो. मायला वाचता येत नसे, पण त्या मथळ्यावर पिशवी ठेवून ती खाली वाके आणि म्हणे, "सबन दिसते." अक्षर दिसलं म्हणजे पाणी स्वच्छ, पाणी स्वच्छ म्हणजे पोट स्वच्छ.

मग वही. वेळ, पिशवीचा रंग, आत किती, बाहेर किती, फरक, बीपी, वजन. आत दोन हजार, बाहेर तेवीसशे. तीनशे मिलिलिटर जास्त आले. बायको लिहायची, माय विचारायची, "किती आलं?" पहिल्या महिन्यात मायचा फार चिडका स्वर होता: "कायले मोजतं व सारखं? पानी का सोनं हाय?" नंतर तीच आकडा ऐकल्याशिवाय खाटेवरून उठेना. आत-बाहेर चुकलं तर दिवसभर काय प्यायली ते तिला आठवू लागलं: सकाळचा चहा अर्धा कप, गोळ्यांबरोबर दोन घोट, ताकाची एक वाटी. भाकरीवर मीठ न घालता ठेचा खायला ती शिकली. मशीनवर असताना संत्र्याची फोडही वर्ज्य होती. पोटाच्या डायलिसिसमध्ये दिवसभर थोडं थोडं पोटॅशियम निघत राहतं, त्यामुळे डॉक्टरांनी बेतानं परवानगी दिली. तालुक्यातल्याच बागेतलं संत्रं तिनं सोलून, शिरा काढून, एकेक फोड तोंडात धरून खाल्लं. त्या हिवाळ्यात ती माहेरीही राहून आली, पिशव्यांचा खोका आणि एक हूक बरोबर घेऊन. तिच्या भावानं खुंटीला पिशवी टांगून दिली. डायलिसिस लागल्यापासून ती घराबाहेर झोपली नव्हती.

अडचणी आल्या, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर प्रथिनंही जातात, रोज पाच-दहा ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, अंड्याचा पांढरा भाग द्या. मायच्या गळ्यात तुळशीची माळ. "माळ हाय मा. अंड्याचं नाव काढू नोको." डाळ जास्त द्यावी तर फॉस्फरस वाढतो. मग पनीर, दही, सोयाबीन, मूग असं तोलत बसायचं. मला वाटतं, डॉक्टरांनी तिच्या माळेचा मान राखून दुसरं काही सुचवलं, ही औषधाइतकीच मोठी गोष्ट होती. पाण्यातल्या साखरेनं तिची भूक मरायची, तरी वजन वाढायचं. पोट साफ झालं नाही की फुगलेल्या आतड्यांनी नळी सरकायची आणि पाणी उतरेनासं व्हायचं. मग जुलाबाचं औषध आणि फेऱ्या. पोटात सतत पाणी असल्यानं बेंबीशी हर्निया आला. या सगळ्यांतून माणूस निभावतो. खरी भीती एकाच गोष्टीची असते.

भादव्यात एका पहाटे बायकोनं मला हाक मारली. पिशवी वर्तमानपत्रावर होती आणि खालचा मथळा दिसत नव्हता. पिशवीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मायला कळ येत होती, पण ती "वायगोळा असंल" म्हणत होती. आम्हाला शिकवून ठेवलं होतं: गढूळ पाणी दिसलं की वाट पाहायची नाही, पिशवी टाकायची नाही, तशीच घेऊन निघायचं. मोटारीत ती पिशवी मांडीवर धरून मी बसलो होतो. तपासणीत पांढऱ्या पेशी शंभरच्या कितीतरी वर होत्या, निम्म्याहून जास्त पू करणाऱ्या जातीच्या. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याचा संसर्ग. औषध शिरेतून न देता पिशवीतच मिसळून पोटात सोडलं. दोन दिवसांनी अक्षरं अंधुक दिसू लागली, चौथ्या दिवशी स्वच्छ. कोर्स मात्र तीन आठवड्यांचा. कुठून जंतू शिरला ते कळलं नाही. बायको रात्र रात्र स्वतःचे हात बघत बसायची. नर्सबाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, की सगळं नीट करणाऱ्यांच्या घरीही हे होतं, आणि वेळेवर आणलंत म्हणून आजी आणि त्यांची नळी, दोन्ही वाचलं. बुरशीचा संसर्ग असता तर नळी काढावीच लागली असती. माझं स्पष्ट मत आहे, की या उपचाराची बाजू मांडणाऱ्यांनी गढूळ पिशवीची गोष्ट पहिल्याच दिवशी, भीड न ठेवता सांगावी. आम्हाला ती सांगितली होती, म्हणूनच पुढची वर्षं मिळाली.

पुढं वहीतले फरक लहान होत गेले. तीनशेचे दीडशे, मग पन्नास. पिवळीच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी लाल. वर्षानुवर्षं साखरेच्या पाण्यात राहून आणि जंतूंचा तडाखा सोसून पडदा थकतो, साखर भराभर रक्तात ओढून घेतो आणि पाणी ओढायची ताकद हरवतो. हे होणार हेही आम्हाला ठाऊक होतं. फरक उणे लिहायची वेळ आली तेव्हा पुन्हा मशीनचं बोलणं निघालं. माय तयार झाली होती. त्याआधीच एका रात्री तिच्या हृदयानं साथ सोडली. किडनीच्या रुग्णांचा शेवट बऱ्याचदा असाच होतो, हृदयाकडून.

तेराव्यानंतर मी वह्या चाळल्या. पाच-सहा वह्या झाल्या होत्या. एका बाईच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती आलं, याची दिवसाची तीन वेळची नोंद. मग मनात आमच्या सगळ्या गावाचा विचार आला. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानं पूर्णेच्या खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं शेतीसाठी वेगळी धरली. ते चांगलंच झालं. पण तिथं राहणाऱ्या माणसांच्या किडन्यांची अशी यादी करायला कुणी गावोगाव फिरलं असतं, तर मायचं बीपी वीस वर्षं आधी कुणाच्या तरी कागदावर आलं असतं. आमच्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नमुने तातडीनं प्रयोगशाळांत गेले. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले, तेव्हाही आधी पाणीच तपासलं गेलं, मग दिल्लीपर्यंतचे तज्ज्ञ आले, पुढे गव्हातल्या सेलेनियमचा संशय निघाला. तेव्हा लोक आले, कारण टक्कल दिसतं. किडनी निम्म्याहून जास्त जाईपर्यंत माणूस वावरात काम करत असतो.

वान धरणाचं पाणी जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडच्या १४० गावांच्या योजनेतून आलं, तेव्हा आमच्या भागात लोकांनी त्याची पूजा केली होती. तरी हापश्या आणि विहिरी सुटलेल्या नाहीत. वावरात तहान लागली की माणूस जवळच्या विहिरीवरच जातो. मायची वजनाची आणि बीपीची यंत्रं घरात होतीच. मी क्षार मोजायचं एक लहान मीटर घेतलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. अंगणातल्या विहिरीत मीटर बुडवलं तर आकडा दोन हजारांच्या कितीतरी पुढं जाऊन थांबला. वरणाच्या विहिरीचा हजाराच्या आत. मायची डाळ बरोबर बोलत होती. मीटर फ्लोराइड सांगत नाही, नायट्रेट सांगत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते, म्हणून बाटल्या भरून जिल्ह्याला पाठवल्या.

आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मी आणि शाळेतली दहावीची मुलं गावातल्या सगळ्या विहिरी आणि हापश्या मोजतो. आकडा तिथंच ऑईलपेंटनं लिहितो, खाली तारीख. बायको रविवारी ओट्यावर बीपी बघते. निंदणाला जाणाऱ्या बाया येतात, कागदाच्या पुडीतल्या गोळ्या किती खाता हे ती त्यांना विचारते, आणि ज्यांचा आकडा वर असतो त्यांना लघवीची आणि क्रिएटिनिनची तपासणी करायला पाठवते. त्यासाठी तिनं मायच्याच वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर नवे रकाने आखलेत. मागच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडला: तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन, बीपी आणि क्रिएटिनिन तपासणी उपकेंद्रातच व्हावी, आणि किडनी गेलेल्याला मशीनबरोबर पोटाच्या डायलिसिसचंही नाव सांगितलं जावं. ठराव एकमतानं झाला. त्याची प्रत तालुक्याला दिली आहे, पोच घेतली आहे. शेजारच्या दोन गावांनी मीटर मागून नेलं होतं. ते परत आलं की पावसाळ्याआधीची मोजणी सुरू करायची आहे.